खडू आणि हूक

(३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. वस्तीतल्या वाचनालयासमोर झालेल्या सभेतल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच बराचसा ठेवला आहे.)



मी भाषणवाला माणूस नाही. गोदीत ठेक्यावर काम करतो. हूक मारायचा, गोणी उचलायची, थप्पी लावायची. पाळी मिळाली तर पैसे, नाही मिळाली तर गेटावरून परत. दहावी पास आहे, ती पण रात्रशाळेतून. कविता लिहितो म्हणून कार्यकर्त्यांनी मला इथं उभं केलं. म्हणाले, सावित्रीमाईंवर बोल.

मी म्हणलं, माईंवर बोलणारे आज शहरात शंभर ठिकाणी उभे असतील. फोटोला हार घालतील, विद्येची देवता म्हणतील, चहा पितील आणि घरी जातील. देवता केली की सगळे मोकळे. देवतेला पगार द्यावा लागत नाही, आणि तिचं ऐकावंही लागत नाही. माई देवता नव्हत्या. माई मास्तरीण होत्या. म्हणून मी आज मास्तरणीवर बोलणार आहे. प्राथमिक शाळेतल्या, आपल्या नाक्यावरच्या शाळेतल्या मास्तरणीवर. ती वर्गात काय करते आणि वर्गाबाहेर तिचं काय होतं, ह्यावर.

माईंपासूनच सुरू करतो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि माई तिथं शिकवायला लागल्या. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शेण, चिखल, दगड. माई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या. शाळेत जाऊन घाण झालेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती माईंच्या धीराची म्हणून. मला तिच्यात दुसरंही दिसतं. ज्या दिवशी आपल्या देशात बाई मास्तरीण झाली त्याच दिवशी तिची नोकरी दोन ठिकाणी सुरू झाली. एक वर्गात, एक रस्त्यावर. वर्गातल्या कामाचं नाव शिकवणं. रस्त्यावरच्या कामाला अजून नाव नाही.

आणि वर्गात काय होत होतं? फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदा. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्या चौदा वर्षांच्या पोरीनं सरळ धर्मालाच जाब विचारला. ही एका वर्गाची ताकद आहे. एक फळा, एक खडू, आणि समोरच्या पोरीला तू माणूस आहेस असं वागवणारा एक शिक्षक, बस्स. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला आणि सरकारनं तो नाकारला. म्हणजे एकाच काळात एक दार उघडत होतं आणि एक बंद होत होतं. आपल्या शाळेची गोष्ट ही अशी आहे. आजतागायत.

आता बाबासाहेबांचं बघा. त्यांचे वडील रामजी सुभेदार स्वतः पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. मास्तरचा पोरगा! तरी साताऱ्याच्या शाळेत त्याला वेगळं बसावं लागलं, घरून नेलेल्या गोणपाटावर. पाणी प्यायचं तर शिपायानं नळ सोडला पाहिजे. शिपाई नाही तर पाणी नाही. मित्रांनो, गोणपाट मी रोज हाताळतो. धूळ बसलेलं, खांद्याला चावणारं. पाळी संपून अंग धुताना कधी कधी मनात येतं, ह्याच्यावर बसून एका पोरानं जगातली सगळी पुस्तकं वाचली.

आता माझ्या शाळेचं सांगतो. तिचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आपलीच शाळा वाटेल.

दुसरीत आम्हाला एक गुरुजी होते. वर्षातून एकदा ऑफिसातून कागद यायचा. गुरुजी खुर्चीतूनच ओरडायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. पन्नासातले पंधरा-सोळा. बाकीचे वळून बघायचे. त्या दिवसापर्यंत मी विटीदांडू चांगला खेळणारा पोरगा होतो. त्या दिवसानंतर मी 'स्कॉलरशिपवाला' झालो. गुरुजींनी मारलं नाही, शिवी दिली नाही, काहीच केलं नाही. फक्त उभं केलं. एकदा फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो, तर म्हणाले, "फुकटात शिकतोस ना, मग मागं बसून शिक." पोरं हसली. मी पण हसलो. सात वर्षांचा पोरगा दुसरं काय करणार?

तिसरीला बाई आल्या.

बाईंनी पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरची पोरं मागं आणि मागची पुढं बसवली. म्हणाल्या, दर सोमवारी बाक बदलायचा. स्कॉलरशिपचा कागद आला तेव्हा कोणाला उभं केलं नाही. एकेकाला टेबलाजवळ बोलावलं, हळूच सही घेतली, पाठीवर हात ठेवून जागेवर पाठवलं. मी घरच्या भाषेत 'म्या न्हाय केलं' असं वहीत लिहिलं तर लाल रेघ मारली नाही. शेजारी पुस्तकी वाक्य लिहून दिलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या घरचं, हे पुस्तकातलं. दोन्ही यायला पाहिजेत." मी आज कविता लिहितो ती त्या दोन ओळींवर लिहितो. खिचडी आली की बाई आधी मागच्या बाकाला वाढायला लावायच्या, कारण सकाळी उपाशी कोण आलंय हे त्यांना तोंड बघून कळायचं. पाढे शिकवताना म्हणायच्या, "तुझा बाप एका खेपेला दोन गोणी नेतो, तर बारा खेपांना किती?" वर्गात बापाच्या गोणीचं नाव निघालं आणि कोणी हसलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

हे वर्गातलं. वर्गाबाहेरचं मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं. खालच्या वर्गातल्या पोरांना जवळजवळ दोन वर्षं शाळा दिसली नाही. अभ्यास म्हणे मोबाईलवर. आमच्या चाळीत बारा घरांत तीन चांगले मोबाईल, तेही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात. त्याच दिवसांत एका दुपारी दारात एक बाई उभी. तोंडाला मास्क, हातात ताप मोजायची बंदूक, काखेत रजिस्टर. घरात माणसं किती, खोकला कोणाला. मी आवाजावरून ओळखलं. "बाई, तुम्ही?" बाई म्हणाल्या, "ड्युटी लागली." शाळेत शिकवणारी बाई गल्लोगल्ली ताप मोजत फिरत होती. विमा आहे का, सोबत कोण आहे, पाणी प्यायलात का, काही विचारायचं सुचलं नाही.

घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. बाईंनी वर बघितलं. गल्लीत मागं बघितलं. मग दोन्ही हात जोडले आणि इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मला ओठच दिसले असते, पण मास्क होता. "जय भीम."

मित्रांनो, माझं डोकं फिरलं. बाई आपल्या! आणि मला शाळेत एकदाही कळलं नाही. कळू दिलं नाही. मी दुसरीत उभा राहिलो होतो तेव्हा मला जर माहीत असतं की शाळेत एक मास्तरीण आहे जी आपल्यातली आहे, तर मी असा मान खाली घालून उभा राहिलो असतो का? मी तसं बोललो. रागानंच बोललो. "बाई, तुम्ही लपलात."

बाई उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "हो, लपले."

मग त्यांनी सांगितलं. बदलापूरला भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहतात. सकाळची पाळी, म्हणून पाच-सव्वापाचची लोकल. ब्लॉक मिळवताना एजंटनं आडनाव विचारलं. त्यांचं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. त्या गप्प राहिल्या, ब्लॉक मिळाला. ह्याच्या आधी दोन ठिकाणी खरं सांगितलं होतं, तेव्हा 'घरात लग्न निघालंय, आता देता येणार नाही' असं उत्तर आलं होतं. फोटो कपाटाच्या आत, साड्यांच्या मागं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, पण पहाटे, पदर डोक्यावर घेऊन, शाळेतलं कोणी भेटू नये म्हणून. शाळेत डबा खायला सगळ्या जणी गोल बसतात. आधीच्या शाळेत कळलं होतं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. फक्त तो गोल हळूहळू लहान झाला आणि बाई त्याच्या बाहेर राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हा पोरांना बाक बदलायला लावायचे, कारण मला माझा बाक बदलता येत नव्हता."

मग त्या उठल्या, रजिस्टर काखेत घेतलं आणि शेजारच्या दारात गेल्या. त्या दिवसाची घरं पुरी व्हायची होती.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. अजून आहे. बाईंनी लपायला नको होतं, असं मला आजही वाटतं. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांनी दगा दिला ही खंत भर सभेत बोलून दाखवली. ती खंत आपल्या प्रत्येक शिकलेल्या माणसानं उशाला घेऊन झोपावं अशी आहे. पण उंबऱ्यावर बसलेली बाई बघितल्यावर मला दुसरा प्रश्न पडला. ती लपली तेव्हा तिच्या पाठीशी कोण होतं? आपण होतो? तिचा ब्लॉक नाकारला तेव्हा एखादा मोर्चा निघाला? डब्याचा गोल लहान झाला तेव्हा शाळेत जाऊन कोणी विचारलं? आपण तिला एकटी सोडली आणि वर म्हणतो तू उघडपणे जय भीम का म्हणत नाहीस.

आता दुसरा मास्तर. हा माझ्या गँगमध्ये आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मराठवाड्यातला. आम्ही त्याला मास्तरच म्हणतो. बापानं एक एकर होतं ते विकून त्याला डीएड केलं. त्या काळात डीएडची कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली होती. फी घेतली, सर्टिफिकेट दिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारनं राज्यभर शाळांची पटपडताळणी केली. कागदावर पोरं, वर्गात पोरं नाहीत, असे पट उघडे पडले. खोटे पट लावून अनुदान कोणी खाल्लं? संस्थाचालकांनी. शिक्षा कोणाला? २०१२ साली शिक्षक भरतीला बंदी आली. दाराशी उभी असलेली गरिबांची पोरं दाराशीच राहिली. मग पात्रता परीक्षा आली. मास्तर ती पण पास झाला. भरती पोर्टलवर होणार म्हणाले. पोर्टल आलं, नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. तोपर्यंत मास्तरच्या हातात हूक आला होता.

दुपारच्या सुट्टीत मास्तर आमची कागदं वाचून देतो. ठेकेदारानं फंड किती कापला, किती भरला, हे आम्हाला त्यानं शिकवलं. खडूचा तुकडा कुठून तरी आणतो आणि गोदामाच्या लोखंडी दारावर आकडे मांडतो. एकदा मुकादम म्हणाला, "ए, शाळा काढली का इथं?" मास्तर म्हणाला, "तिकडं देत नाहीत, म्हणून इथं काढली." सगळे हसले. मास्तर हसला नाही.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात त्यांनी नेमका हा माणूस मागितला होता. प्राथमिक शाळेतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, ते खालच्या थरात मिसळत नाहीत. त्यापेक्षा कष्टकरी जातींतली माणसं शिकवून शिक्षक करा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरतील अशी, हे त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून थांबले नाहीत, पगाराचा आकडा पण सांगितला. महिना १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ किंवा २० द्या. जोतीरावांना माहीत होतं की पोट भरल्याशिवाय कोणी नीट शिकवत नाही. हाताला घट्टे असलेला मास्तर त्यांनी मागितला. आज तो तयार आहे, सर्टिफिकेटसकट, आणि गोदीत गोणी वाहतोय.

ज्यांना नोकरी मिळते त्यांचंही बघा. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला सुरुवातीला महिना ३००० रुपये. पुढं ६०००. २०२३ पासून १६०००. काम पूर्ण शिक्षकाचं, नाव सेवक. आमच्या ठेक्यात आणि त्यांच्या ठेक्यात फरक एवढाच की त्यांच्या हातात हूक नसतो.

आणि वर्गाबाहेरची बेगार? २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो, शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला लावू नका. पुढच्याच ओळीत म्हणतो, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. आता निवडणुका किती? महापालिकेची, विधानसभेची, लोकसभेची, गावाकडं जिल्हा परिषदेची. मतदार याद्या तर बारा महिने. त्याच्यावर ऑनलाईन माहिती भरा, खिचडीचा हिशोब ठेवा, फोटो काढून पाठवा. चौथीच्या पोराला भागाकार येत नाही म्हणून मास्तरला शिव्या देणारे आपण, त्याला वर्गात किती दिवस राहू दिलं हे कधी विचारतो का?

म्हणून मी म्हणतो, मास्तरला गुरुर्ब्रह्मा म्हणून पाया पडणं बंद करा आणि सरकारी नोकर म्हणून शिव्या देणंही बंद करा. तो कामगार आहे, ती कामगार आहे. कामगाराला कामाचे पूर्ण दाम आणि मान मिळाला पाहिजे, आणि कामगाराकडून कामाचा हिशोबही घेतला पाहिजे. 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' म्हणणाऱ्या गुरुजीकडून हिशोब घ्यायचाच आहे. युनियनचं कार्ड आहे म्हणून त्याला माफी नाही. आणि बाईंच्या पाठीशी उभं राहायचंय. दोन्ही एकाच वेळी.

हे कसं करायचं ते सांगतो आणि बसतो.

माझी भाची त्याच शाळेत तिसरीला आहे. कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या संख्येप्रमाणं जागा पाहिजे. माझी ताई त्या समितीवर आहे. हे ताईला गेल्या महिन्यात कळलं! तिची सही मात्र दोन वर्षं रजिस्टरवर आहे. पोरीला सोडायला गेली की गेटावर शिपाई म्हणायचा, "ताई, इथं सही करा." ताई करायची. आपल्या आजीनं अंगठा दिला, आई सही शिकली. पण वाचू न देता घेतलेली सही हा अंगठाच आहे.

तेव्हा पहिलं काम. पुढच्या बैठकीला समितीवरच्या आपल्या सगळ्या बाया आत जाऊन बसतील. रजिस्टर वाचतील. वाचायला अडलं तर गँगमधला मास्तर रविवारी इथं वाचनालयात येऊन शिकवणार आहे. मी त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. त्याला वर्ग पाहिजे होता, आपण देऊ.

दुसरं काम. शाळेत पोरांना जातीवरून, स्कॉलरशिपवरून उभं करणं बंद झालं पाहिजे. हे लेखी मागायचं. समितीच्या ठरावात. पोहोच घ्यायची.

तिसरं काम अवघड आहे. आपल्यातला जो मास्तर, जी मास्तरीण लपून आहे, तिला आपण ओरडून बाहेर काढायचं नाही. आपण इतकं जवळ उभं राहायचं की तिला लपायची गरज पडू नये. ब्लॉक नाकारला तर दहा जण एजंटच्या दारात. डब्याचा गोल लहान झाला तर समितीच्या बाया डबा घेऊन शाळेत.

आपल्याकडं काही जण म्हणतात, महापालिकेची शाळा गेली तर गेली, आपण पोरांना इंग्रजीत घालू. घाला. ज्याला परवडतं त्यानं घालावं. पण ह्या नाक्यावर नव्वद टक्के घरांना ते परवडत नाही. पट कमी झाला की शाळा दुसरीकडं जोडतात, आणि मग सात वर्षांची पोर हमरस्ता ओलांडून जाणार की घरी धाकट्याला सांभाळणार, ते तुम्ही मला सांगा. धारवाडला १८५६ साली दार बंद केलं होतं ते नाही म्हणून सांगून. आता कोणी नाही म्हणत नाही. फक्त एक दिवस गेटावर कुलूप असतं.

माई १८९७ साली गेल्या. पुण्यात प्लेग होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्चला गेल्या. शेवटपर्यंत वर्गाबाहेर ड्युटीवर. त्यांना ती कोणी लावली नव्हती.

आज सभेला येताना मी शाळेत गेलो होतो. बाईंना म्हणलं, संध्याकाळी सभा आहे, तुमच्याबद्दल बोलणार आहे, नाव घेणार नाही. बाई काही बोलल्या नाहीत. वह्या तपासत होत्या. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "किती वाजता आहे?"

त्या आल्यात की नाही मला माहीत नाही. मागं अंधार आहे, इथून चेहरे दिसत नाहीत. आल्या असतील तर कोणी मागं वळून बघू नका. वळून बघणाऱ्या नजरा तिनं खूप सोसल्यात. फक्त थोडं सरका आणि शेजारी जागा करा.

जय भीम. जय सावित्री.